२९ लाख सह्या आणि आमचा शेअर कोड

सप्टेंबर २०२५ च्या शेवटी इथलं वातावरण एकदम तापलं. पंतप्रधान कीअर स्टार्मर यांनी २६ तारखेला जाहीर केलं की, डिजिटल ओळखपत्र आणणार आणि या संसदेची मुदत संपायच्या आत ते सक्तीचं होईल, ते नसेल त्याला ब्रिटनमध्ये नोकरी मिळणार नाही. विरोधाची याचिका संसदेच्या संकेतस्थळावर आधीपासून होतीच. घोषणा झाली आणि तिच्यावर सह्यांचा पाऊस पडला. आकडा २९ लाखांच्या पुढे गेला.

आमच्या ऑफिसात दुसरा विषयच उरला नाही. एरवी हवामान आणि फुटबॉल यांपलीकडे फारसं न बोलणारी माणसं तावातावाने भांडायला लागली. माझ्या शेजारी बसणारी हेलन तशी शांत बाई. तीही म्हणाली, "मी इथे जन्मले, माझे आजी-आजोबा इथेच गेले. मी कोण आहे हे सरकारला सिद्ध करत का बसू?" मलाही सही करायचा आग्रह झाला. त्या याचिकेवर इथे राहणारा कुणीही सही करू शकत होता, नागरिकत्व लागत नव्हतं. मी सही केली नाही. ऑफिसात ते कुणाला नीट समजावता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

हेलनला ज्याची भीती वाटते त्यात आम्ही कधीपासून राहतोय. इथे येणाऱ्या आपल्या लोकांना बीआरपी कार्ड, म्हणजे परदेशी माणसाचं इथे राहायच्या परवान्याचं कार्ड, ठाऊक असेल: फोटो, बोटांचे ठसे, चिप, सगळं त्यात. ३१ डिसेंबर २०२४ नंतर ती कार्डं इतिहासजमा झाली आणि आता सगळं ई-व्हिसावर, म्हणजे परवान्याच्या ऑनलाइन नोंदीवर. म्हणजे हातात काहीच नाही. नोकरी बदलायची, घर भाड्याने घ्यायचं, तर सरकारी खात्यात लॉगिन करा, मोबाइलवर आलेला आकडा टाका, नऊ अक्षरांचा शेअर कोड काढा आणि समोरच्याला द्या. तो ९० दिवस चालतो. नोकरीचा कोड डब्ल्यूने सुरू होतो, भाड्याच्या घराचा आरने. ही अक्षरं मला आता झोपेतही आठवतात.

गेल्या खेपेला घर बघत होतो तेव्हाची गोष्ट. फ्लॅट आवडला, भाडं परवडणारं, शाळा चालत जाण्यासारखी. एजंट फोनवर गोड बोलत होता. पासपोर्ट कुठला, असं त्याने विचारलं. भारतीय म्हटल्यावर क्षणभर थांबला आणि म्हणाला, "म्हणजे ते कोडचं करावं लागेल ना?" मी तिथल्या तिथे कोड पाठवला. संध्याकाळी निरोप आला की, घरमालकाने दुसऱ्या कुटुंबाला 'हो' म्हटलंय. त्या घरमालकाच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. पण इथे राहायचा हक्क नसलेल्या माणसाला भाड्याने घर दिलं तर कायद्याने पहिल्याच वेळी माणशी १०,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, हे त्याला नक्की माहीत असणार. अशा वेळी कुणीही साधा ब्रिटिश पासपोर्टवाला भाडेकरूच बघेल. या कायद्यामुळे परक्या दिसणाऱ्या, परक्या नावाच्या माणसांशी भेदभाव होतो, असं इथल्या हायकोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट म्हटलं होतं. पुढच्या वर्षी अपील कोर्टाने भेदभाव होतो हे मान्य केलं, तरी कायदा कायम ठेवला. त्यावर किती याचिका निघाल्या? मी तरी एकही पाहिली नाही.

याला एक इतिहास आहे आणि तो मला फार बोचतो. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने २००६ मध्ये ओळखपत्राचा कायदा केला. मोठा विरोध झाला. पण २००८ च्या नोव्हेंबरात ती कार्डं पहिल्यांदा दिली कुणाला, तर परदेशी लोकांना. २०१० मध्ये सरकार बदललं, नागरिकांची कार्डं रद्द झाली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्या नोंदणीच्या हार्ड डिस्क मंत्र्याने कॅमेऱ्यासमोर यंत्रात घालून चुरा केल्या. स्वातंत्र्य वाचलं म्हणून कौतुक झालं. आमची कार्डं मात्र तशीच चालू राहिली, आमचे बोटांचे ठसे तसेच राहिले. त्याबद्दल तेव्हाही कुणी हूं की चूं केलं नाही.

एवढं चिडून लिहितेय, तरी या लोकांच्या चिवटपणाबद्दल मला मनापासून आदर आहे. आम्ही राहतो तिथून उत्तर लंडनमधलं फिंचली लांब नाही. तिथल्या बॅलार्ड्स लेनवर डिसेंबर १९५० मध्ये क्लॅरन्स विलकॉक नावाच्या माणसाची गाडी पोलिसाने अडवली आणि ओळखपत्र मागितलं. युद्ध संपून पाच वर्षं झाली होती, पण १९३९ मध्ये युद्धासाठी आणलेली कार्डं कुणी काढून घेतली नव्हती. उलट तीन कामांसाठी सुरू झालेलं कार्ड तोवर ३९ सरकारी खाती वापरायला लागली होती. विलकॉकने नकार दिला. म्हणाला, मी लिबरल (त्या पक्षाचा) आहे आणि असल्या गोष्टींच्या विरोधात आहे. खटला हायकोर्टात गेला आणि तो हरला. पण निकाल देताना मुख्य न्यायाधीश लॉर्ड गॉडार्ड यांनीच सरकारला सुनावलं की, अशा वापराने कायदा पाळणारी माणसं कायदा मोडणारी ठरतात. फेब्रुवारी १९५२ मध्ये कार्डं बंद झाली.

एका साध्या माणसाने रस्त्यात 'नाही' म्हटलं आणि सव्वा वर्षात अख्ख्या देशाच्या खिशातलं कार्ड गेलं. त्या रस्त्यावरून बसने जाताना मला दर वेळी हे आठवतं. आपल्याकडे पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली की आपला हात आधी कागदांकडे जातो. माझाही जातो, इथेसुद्धा.

कॅमेऱ्यांचं मात्र मला अजून कोडं आहे. कार्ड नको म्हणणारे हेच लोक चौकाचौकातल्या सीसीटीव्हीखालून शांतपणे जातात. लंडनचे पोलीस आता चेहरे ओळखणारे कॅमेरे लावलेल्या गाड्या भर बाजारात उभ्या करतात. संघटना आवाज उठवतात, पण २९ लाख सह्या काही होत नाहीत. कार्ड स्वतःच्या हाताने काढून दाखवावं लागतं, कॅमेरा न विचारता बघतो. मला तरी न विचारता बघणाराच जास्त धोक्याचा वाटतो.

आणि मग ऑक्टोबरात स्टार्मर साहेब मुंबईला गेले, आधारचे शिल्पकार नंदन निलेकणींना भेटले आणि आधारचं तोंड भरून कौतुक करून आले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांनी मला गाठलं. "तुमच्याकडे तर सगळ्यांचे ठसे सरकारकडे आहेत ना?" त्या विचारण्यात जी कीव होती ती मला सहन झाली नाही. मी सांगितलं, पहिला आधार क्रमांक आमच्या महाराष्ट्रात, नंदुरबारच्या टेंभली गावात दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० ला. ज्या माणसांकडे जन्माचा दाखला नाही, बँकेत उभं राहायची सोय नाही, त्यांना पहिल्यांदा कागदावर नाव मिळालं. इथे २०१८ मध्ये विंडरशचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा काय दिसलं? कॅरिबियन बेटांतून लहानपणी कायदेशीर आलेली, आयुष्यभर इथे राबलेली माणसं कागद नाहीत म्हणून नोकरीला मुकली, काहींना देशाबाहेर काढलं. कागद नसल्याची किंमत गरीब मोजतो, इथेही आणि तिथेही. हे मी ठासून सांगितलं आणि आजही त्यावर ठाम आहे.

पण विट्याजवळच्या गावात राहणाऱ्या माझ्या मावशीबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. जन्मभर शेतात खुरपं चालवून तिच्या बोटांच्या रेषा गेल्यात. रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा लागत नाही. दुकानदार चांगला आहे. तो बोट पुसून घे म्हणतो, दुसरं बोट लावून बघतो, नाहीतर मोबाइलवर ओटीपी मागवतो. मोबाइल असतो भावाकडे, भाऊ असतो पुण्याला. मग मावशी पिशवी घेऊन घरी परतते आणि आईला फोनवर म्हणते, "मी जिवंत हाय का न्हाई ते बी आता मशीनच ठरिवतंय." माझ्या देशाची ही गोष्ट परक्यांच्या कीवेसाठी मी वापरू देणार नाही. पण तुम्हाला सांगायलाच हवी.

आपण काहीच विचारलं नाही असंही नाही. कर्नाटकातले निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी ऐंशीच्या घरात असताना कोर्टात गेले म्हणून २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढच्या वर्षी आधार टिकलं, पण बँक खातं आणि सिमकार्डासाठीची सक्ती गेली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी तर एकट्याने वेगळा निकाल देऊन अख्खा कायदाच घटनाबाह्य म्हटला. एवढं होऊनही मागच्या सुट्टीत लॉजवर, सोसायटीच्या गेटवर, मुलीच्या नाचाच्या शिबिरालासुद्धा आधारची झेरॉक्स मागितली गेली, आणि माझ्या पुढे-मागे उभ्या प्रत्येकाने ती निमूट दिली. कोर्टाने दिलेला नकाराचा हक्क आपण वापरतच नाही, याचं मला वाईट वाटतं.

जानेवारी २०२६ मध्ये सरकार इथे मागे सरलं. नोकरीसाठीची तपासणी डिजिटल होणार, पण त्यासाठी नवं ओळखपत्रच हवं ही सक्ती नाही. पासपोर्टही चालेल. ऑफिसात आनंदीआनंद होता. जेवणाच्या सुट्टीत हेलन केक घेऊन आली. मी तिला फोन उघडून माझा ई-व्हिसा दाखवला, नवा कोड काढून दाखवला, त्यावर येणारा माझा फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. शेजारी बसून इतकी वर्षं काम करतोय आणि तिला हे काहीच माहीत नव्हतं. "आणि हे कधी बंद होणार?" तिने विचारलं. माझं बंद होणार नाही, म्हटलं.

आता ती तिच्या खासदाराला पत्र लिहिणार आहे: ई-व्हिसावाल्यांना हातात धरता येईल असा एक कागद तरी द्या, आणि भाड्याच्या घरासाठीची तपासणी रद्द करा. मसुदा मी लिहून देतेय. इथे राहणाऱ्या कुणाला कोडपायी घर किंवा नोकरी गमवावी लागली असेल, तर खाली लिहा. नाव न देता तुमचा अनुभव पत्रात घालते.