बत्तीस बोअरचं काडतूस आणि नागपूरचा मे महिना

आपलं काडतूस आपणच भरावं, ही इच्छा सेंटर फायर पिस्तूल हा नेमबाजीचा प्रकार खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला होते. परदेशातले नेमबाज घरी बंदुकीची दारू तोलतात, काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा वापरतात आणि आपल्या पिस्तुलाला मानवेल तो चार्ज, म्हणजे दारूचं माप, शोधून काढतात. मलाही तेच करायचं होतं. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो, आणि पोलिस आयुक्तालयातून मला मिळालेला परवाना पिस्तूल व ठरावीक काडतुसं बाळगण्याचा आहे. तो विषय तिथेच संपला. उरला तो प्रश्न असा, की कारखान्यात भरून आलेल्या काडतुसांपैकी माझ्या पिस्तुलात कोणतं चालवायचं आणि ते सुरक्षित आहे हे ओळखायचं कसं.

गंमत म्हणजे उत्तर काडतुसं भरणाऱ्यांच्याच विद्येत सापडलं. ती मला समजावून सांगितली नागपूरजवळच्या वाडीत राहणाऱ्या एका काकांनी. त्यांची सगळी नोकरी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात गेली. मी ब्रँडची नावं सांगायला लागलो की ते थांबवायचे. “नाव राहू दे ना बाप्पा. तुझं पिस्तूल काय मागून राहिलं ते सांग आधी.”

माझं पिस्तूल .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॉडकटरचं, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीच्या काडतुसाचं. हे काडतूस मुळात १८९६ चं, रिव्हॉल्व्हरसाठी काढलेलं. आज सेंटर फायर स्पर्धेतली बरीचशी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं तेच खातात. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये भारताचे नेमबाज जसपाल राणांनी ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली, ती याच सेंटर फायर प्रकारात. अशा पिस्तुलात बोल्टला, म्हणजे पुंगळीला मागून धरणाऱ्या सरकत्या भागाला, कुलूप नसतं. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्याच जोरावर तो पुंगळी धरून ठेवतो. चार्ज जास्त झाला तर बोल्ट वेळेआधी आणि जोरात मागे येतो, सुटे भाग मार खातात, पुंगळी फाटूही शकते. कमी झाला तर तो पुरता मागे जातच नाही आणि रिकामी पुंगळी आडवी अडकते. रिव्हॉल्व्हरवाल्याला मुख्यतः वरची मर्यादा सांभाळायची असते, आम्हाला दोन्ही. म्हणूनच भरणारे पुस्तकातल्या कमाल चार्जच्या साधारण दहा टक्के खालून सुरुवात करतात आणि थोडं थोडं वाढवत जातात. पिस्तूल नीट चालू लागलं की तिथेच थांबतात. त्या दहा टक्क्यांचं मोल कळायला एक हिशेब पुरे: दारू ग्रेनमध्ये तोलतात, आणि एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम.

वॉडकटरची आणखी एक नाजूक बाजू आहे. त्याची शिशाची गोळी पुंगळीत पार आत बसवलेली असते, सपाट तोंड पुंगळीच्या कडेशी जवळपास एका पातळीत. म्हणजे दारूला जागा आधीच थोडी. गोळी अजून जराशी आत सरकली तरी दाब चढतो. त्यामुळे मॅगझिन भरताना मी प्रत्येक काडतुसाच्या तोंडावरून अंगठा फिरवतो. कडा बोटाला लागली, गोळी आत दबल्यासारखी वाटली, तर ते काडतूस बाजूला. पाच गोळ्यांच्या मॅगझिनला याने काही उशीर होत नाही.

काडतुसं तोलून कमी-जास्त दारू ओळखता येईल का, हेही काकांना विचारलं होतं. त्यांनी ठाम नाही म्हटलं. दारू इतकी थोडी असते, की पितळ आणि शिशाच्या वजनातला नेहमीचा फरकच तिला झाकून टाकतो. सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं त्यांनी जे सांगितलं, ते हे: आवाज बसका आला आणि बोल्ट मागे गेला नाही, तर हाताने ओढून पुढची गोळी झाडायची नाही. पहिली गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि दुसरी तिच्यावर आदळली की नळी फुगते. जलद फेरीत गोळीला तीनच सेकंद मिळतात, हात आपसूक बोल्टकडे जातो. तो आवरायचा. मालिका गेली तर जाऊ द्या. मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली काडतूस बसतं ती जागा) उघडं ठेवा, रेंज ऑफिसरला हाक मारा, सळई घालून नळी मोकळी असल्याची खात्री करा.

प्रत्यक्ष निवड मी रिकाम्या पुंगळ्या पाहूनच केली. दुकानात सहज मिळणारं गोल नाकाचं बत्तीस आधीच बाद, कारण त्याची लांबी वॉडकटरच्या मॅगझिनमध्ये बसत नाही. उरलेल्या आयात काडतुसांपैकी एका लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एकाच वेळी भरलेल्या खेपेच्या, पुंगळ्या पायाशीच पडत आणि त्यांच्या अंगावर एका बाजूने काजळीचा पट्टा असे. दाब कमी पडला की पुंगळी चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटत नाही आणि धूर मागे येतो, त्याची ती खूण. दुसऱ्या लॉटच्या पुंगळ्या स्वच्छ निघाल्या आणि दर वेळी साधारण एकाच जागी पडल्या. प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडातली दारू पेटवणारी टोपी, चपटा झालाय का, हे बरेच जण पाहतात. या काडतुसात मी त्यावर विसंबत नाही. अमेरिकी मानकात ९ मिमी लुगर या दुसऱ्या पिस्तूल-काडतुसाच्या दाबाची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), तर याची १५,०००. इथे प्रायमर चपटा दिसेपर्यंत दाब मर्यादेच्या कितीतरी वर गेलेला असू शकतो. क्रोनोग्राफ या गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा जास्त भरवशाचा.

हे सगळं डिसेंबरात जमलं म्हणून निवड झाली असं मी मानलं नाही, आणि नागपूरच्या कोणीच मानू नये. दारू तापली की दाब आणि वेग वाढतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, आणि उन्हात उभ्या कारच्या डिकीत त्याहून बराच वर. तोच लॉट मी मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, पुन्हा क्रोनोग्राफवर लावला. वेग वाढलेला दिसला, पुंगळ्या थोड्या लांब पडल्या, पण बोल्टचा झटका पिस्तुलाला सोसवेल असाच राहिला. हिवाळ्यात जो लॉट आधीच वरच्या टोकाला वाटत होता, तो मी उन्हाळ्यात लावूनही पाहिला नाही.

आता मी एकच लॉट धरून चालतो. डब्यावरचा लॉट नंबर वहीत टिपतो, आणि नवा लॉट आला की ब्रँड तोच असला तरी तपासणी पहिल्यापासून करतो. रेंजवर जाताना काडतुसं थर्मोकोलच्या डब्यात, गाडीत माझ्यासोबत असतात. तिथे गेल्यावरही डबा सावलीतच उघडतो आणि एका मालिकेपुरतीच बाहेर काढतो.