शाळेतल्या गमतीचं सोळा पानी चित्रपुस्तक कसं रचायचं

चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी शाळेवरचं गमतीदार पुस्तक करायचं ठरलं की बरेच जण आधी अख्खी गोष्ट लिहून काढतात आणि मग ती चित्रकाराकडे देतात. तिथेच गंमत हातची जाते. सगळं शब्दांत सांगून झालं की चित्राला सांगायला काही उरत नाही. या वयाचं मूल बहुतेक वेळा स्वतः वाचत नसतं. मोठं माणूस वाचतं, आणि तेवढ्या वेळात मूल चित्र न्याहाळतं. कानावर एक पडतंय आणि डोळ्यांना दुसरंच दिसतंय, अशी वेळ आली की ते खुदकन हसतं. वाचणाऱ्या मोठ्याच्या आधी आपल्याला कळलं, याचा आनंद त्या हसण्यात असतो. म्हणून मजकूर आणि चित्रं एकाच वेळी, पानापानाने रचायला हवीत.

त्यासाठी कोरी पुस्तिका करा. ए-फोरचे चार कागद एकत्र मधोमध दुमडले की १६ पानं होतात. शिलाई पिनेची असेल तर पानांची संख्या नेहमी चारच्या पटीत येते, त्यामुळे १४ किंवा १८ पानांची गोष्ट लिहून उपयोग नाही. पहिलं पान मुखपृष्ठ, सोळावं मलपृष्ठ, दोन आणि तीनवर शीर्षक आणि प्रकाशनाची माहिती. मग ४ ते १५ उरतात, म्हणजे समोरासमोरची सहा जोडपानं. अख्खी गोष्ट एवढ्यात बसवायची. प्रत्येक पानावर पेन्सिलीने काड्यांची माणसं काढा आणि मजकूर कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवा. चिठ्ठी उचलून दुसऱ्या पानावर नेता येते, आणि ती बऱ्याचदा न्यावी लागतेच.

एक नमुना रचून बघू. विषय हजेरीचा, वर्ग लहान गावातल्या शाळेचा, पहिली-दुसरी एकत्र बसलेली.

पान ४-५: ‘बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.’ चित्रात बाई, सतरंजीवर नऊ मुलं, आणि खिडकीच्या खालच्या कडेला दोन कान. पान ६-७: ‘आरती?’ ‘हजर!’ ‘बाळू?’ ‘हजर!’ चित्रात करडू दारातून आत आलंय आणि भिंतीवरच्या तक्त्याचा कोपरा चावतंय. बाईंची मान हजेरीच्या कॅटलॉगात. पान ८-९: ‘चंदा?’ ‘हजर!’ ‘आणि आता...’ करडू चंदाच्या शेजारी मांडी घातल्यासारखं बसलंय, नऊही मुलांनी तोंडावर हात दाबलेत. पान उलटलं की १०-११ वर दोन्ही पानं व्यापून एकच आवाज: ‘मेंऽऽऽ!’ पान १२-१३: ‘हे कोण बोललं? माझ्या यादीत मेंऽऽ नावाचं कोणी नाही.’ मुलं खांद्याला खांदा लावून भिंतीसारखी बसलीत, मागून शेपूट दिसतंय. पान १४-१५: बाई पेन उघडतात, यादीच्या शेवटी नाव लिहितात. ‘उद्या वेळेवर यायचं हं.’ मलपृष्ठावर शब्द नाहीत. खिचडीच्या रांगेत सगळ्यात शेवटी करडू, तोंडात ताटली.

सगळे शब्द मिळून पन्नाससुद्धा होत नाहीत. करडू हा शब्द एकदाही येत नाही, आणि तो येऊ द्यायचाच नाही. संपादनात कोणीतरी हमखास सुचवतं, ‘मुलांना नीट कळावं म्हणून एक वाक्य घालू या’. ते वाक्य घातलं की मुलाने बोट दाखवून ओरडायची जागा गेली.

पान कुठे उलटतं हे इथे सगळ्यात महत्त्वाचं. समोरासमोरची दोन पानं मुलाला एकदमच दिसतात. ‘आणि आता...’ आठव्यावर आणि ‘मेंऽऽऽ’ नवव्यावर ठेवलं, तर तुम्ही आठवं वाचत असतानाच मुलाने नववं पाहिलेलं असतं. म्हणून प्रश्न, थांबलेलं वाक्य, अर्धवट उघडलेलं दार हे नेहमी उजव्या पानाच्या शेवटी, आणि उत्तर पुढच्या डाव्या पानापासून. मात्र उत्तर अगदीच अनपेक्षित नको. लहान मुलं धक्क्यापेक्षा अंदाज खरा ठरल्यावर जास्त हसतात. इथे करडू चौथ्या पानापासून दिसत असतं, आता पाळी कोणाची हे मुलाला ठाऊक असतं, फक्त बाईंना ठाऊक नसतं. आधी तीन वेळा ‘हजर’ ऐकू आल्याशिवाय चौथ्या वेळेची मजा येत नाही. दोनदा आलं तर लय बसत नाही, सहादा आलं तर मूल उठून जातं.

हसू कोणावर येतंय, हे मी प्रत्येक हस्तलिखितात सर्वांत आधी तपासते. जाड मुलगा, अडखळत बोलणारी मुलगी, बेरीज न येणारा बाळू, घरची बोली वर्गात बोलणारं पोर यांना बघून वर्ग हसतो, अशी पुस्तकं अजूनही निघतात. वर्गात ते पुस्तक वाचलं जातं तेव्हा तसंच एखादं मूल समोर बसलेलं असतं. छडी, कान पिळणं, अंगठे धरून उभं करणं हेही विनोदाचं सामान नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. मग चित्रात तरी ते मजेचं म्हणून का यावं? चूक मोठ्यांची होऊ द्या, वस्तूंची होऊ द्या. घंटा चुकीच्या वेळी वाजते, मुख्याध्यापकांच्या छत्रीत चिमणी घरटं करते, स्नेहसंमेलनात झाडाची भूमिका करणाऱ्या मुलाला शिंक येते. शेवटी मोठं माणूस त्या गमतीत सामील झालं तर वर्ग सुरक्षित वाटतो. नमुन्यात बाई यादीत नाव लिहितात ते त्यासाठी.

चित्रकाराला नुसतं ‘शाळा’ सांगितलं की इंटरनेटवरून पिवळी बस, भिंतीतली कपाटं आणि शिक्षिकेच्या टेबलावर लाल सफरचंद येतं. म्हणून यादी करून द्या: व्हरांड्यातली चपलांची विस्कटलेली रांग, फळ्याच्या कोपऱ्यात पट व हजर मुलांची संख्या, परिपाठाची ओळ, खिचडीचं पातेलं, करंगळी वर करून उभं राहिलेलं पोर. ऋतूही सांगा. राज्यात बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, तेव्हा पहिल्या दिवसाच्या चित्रात ओल्या छत्र्या हव्यात. विदर्भात उन्हामुळे शाळा आणखी उशिरा उघडतात. बाई की मॅडम हेही एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

आणि मोजा. पहिल्या चित्रात नऊ मुलं असतील तर प्रत्येक चित्रात नऊच हवीत, बाळूचं दप्तर निळं तर शेवटपर्यंत निळं. मुलं खरोखर मोजतात. वर्ग लहान ठेवण्याचं हेही कारण आहे. चाळीस मुलांचा वर्ग सहा वेळा काढताना चित्रकाराकडून चेहरे हरवतातच.

आता अक्षरं. टाइप १८ ते २४ पॉइंट. देवनागरीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार असल्याने दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर ‘कू’ची शेपटी खालच्या वेलांटीत अडकते. ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना ते बघा. पाकळीचा ल आणि देठाचा श राज्य शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयात आहेत, आणि पहिलीतलं मूल तेच शिकतं. अनेक फाँट मुळात हिंदी वळण दाखवतात. काहींत मजकुराची भाषा मराठी निवडली की आकार बदलतो. ओळ तोडताना श्वास जिथे थांबतो तिथे तोडा. जोडाक्षरं कमी ठेवा, पण ‘धप्प’, ‘टण्ण’, ‘फुस्स’ काढून टाकू नका. असे आवाज मुलं पाठ करतात आणि मग ओळखून वाचतात.

मजकूर शुद्ध काळ्या शाईत ठेवा. रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं देखणी दिसतात, पण पुढे तेच पुस्तक कोकणीत किंवा गोंडीत काढायचं झालं तर काळ्या शाईची एक प्लेट (छपाईचा पत्रा) बदलून भागत नाही, चारही रंगांच्या बदलाव्या लागतात. चित्र कापाच्या (छापल्यावर कागद जिथे कापतात त्या रेषेच्या) बाहेर ३ मिलिमीटर जाऊ द्या. चेहरे घडीपासून दीड सेंटिमीटर दूर ठेवा. सोळा पानांत ८-९ ही एकच जोडी अखंड कागदावर येते. बाकीच्या जोड्यांची दोन पानं वेगवेगळ्या कागदांवर छापली जातात, त्यामुळे रंग आणि रेषा किंचित सरकतात. घडीवरून जाणारी फळ्याची सरळ कड तिथे तुटलेली दिसते. ‘मेंऽऽऽ’ १०-११ वर आहे, म्हणजे करडाचं तोंड पूर्णपणे एकाच पानावर हवं.

चित्रकार मिळत नसेल तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मोकळ्या परवान्याची चित्रं आहेत. चित्रकाराचं नाव देऊन ती वापरता येतात. तिथल्या पहिल्या पातळीच्या पुस्तकांची मर्यादा २५० शब्दांची आहे, आणि ती मर्यादा घरच्या पुस्तकालाही चांगली.

छापण्याआधी पेन्सिलीची पुस्तिका पाच-सहा मुलांसमोर वाचा. तुम्ही न वाचता दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या आणि स्वतः बाजूला बसून मुलांच्या बोटांकडे बघा. ज्या पानावर एकही बोट पुढे येत नाही ते पान पुन्हा रचायचं. मोठे हसतात आणि मुलं गप्प असतात, तिथे बहुधा टोमणा किंवा उपरोध शिरलेला असतो. चार-पाच वर्षांचं मूल तो शब्दशः घेतं. वाचणाऱ्याला सांगा: पुस्तक बाजूला धरा, ‘आणि आता’ नंतर उजव्या पानाचा खालचा कोपरा चिमटीत धरून दोन क्षण थांबा. मुलं ‘मेंऽऽऽ’ आधीच ओरडली तर ओरडू द्या, पान त्यानंतर उलटा.