बाईंची हट्टी राजकन्या

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी पाठवा, असं समितीचं पत्र आलं आणि लिहायला बसल्यावर बाईंशिवाय दुसरं काही सुचेना. मराठीच्या बाई. आमच्या पिढीला त्यांचं नाव सांगायची गरज नाही. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये, त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

ऑफ तासाला बाई परीकथा सांगायच्या. पण त्यांच्या राजकन्या काही गुणाच्या पुतळ्या नसायच्या. हट्टी, तोंडाळ, दिलेला शब्द सोयीने विसरणाऱ्या. सातवीत त्यांनी बेडूक राजपुत्राची गोष्ट सांगितली. सोन्याचा चेंडू विहिरीत पडतो, बेडूक काढून देतो आणि बदल्यात तिच्या ताटात जेवायचं, तिच्या बिछान्यात झोपायचं कबूल करून घेतो. राजा मुलीला बजावतो, वचन दिलंस ना, मग पाळ. आता ती बेडकाची पापी घेणार म्हणून आम्ही तोंडं वाकडी करून बसलो होतो. बाईंच्या राजकन्येनं त्याला दोन बोटांत धरून वर नेलं, आणि तो बिछान्यासाठी अडून बसला तेव्हा सरळ भिंतीवर आपटला. झाला राजपुत्र!

कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा कळलं, की ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहातली ही पहिलीच गोष्ट, आणि तिच्यात पापी नाहीच. ती मागाहून आली. लाल टोपीवालीचंही तसंच. पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७च्या कथेत लांडगा तिला खातो आणि गोष्ट संपते. शिकारी येऊन तिला सोडवतो तो ग्रिमांकडे. "सांगणारा बदलला की शेवट बदलतो," बाई म्हणाल्या, "तुम्हीही बदला."

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात हेच नाटुकलं बसवलं. राजकन्या मी. रंगीत तालमीला कुणीतरी कुरकुरलं, मुलीच्या जातीला हे शोभतं का, शेवट गोड करा. बाई म्हणाल्या, "ती नुसती वचन पाळत बसली असती तर तो जन्मभर बेडूकच राहिला असता." विषय संपला.

बेडूक हिरव्या ब्लाउजपीसचा, आत लाकडाचा भुसा. प्रयोगात मी तो असा आपटला की पोटाची शिवण उसवली आणि भुसा पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या अंगावर. राजपुत्राचा मात्र पत्ता नाही. राजपुत्र झालेल्या मुलीचा फेटा विंगेतल्या खिळ्याला अडकलेला. सभागृह चिडीचूप. तेवढ्यात विंगेतून बाईंचा खणखणीत आवाज, "अगं, बघतेस काय? आपट अजून एकदा!" मी आपटला. टाळ्या अशा पडल्या की राजपुत्राचं पहिलं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही.

आज मी मुलांसाठी लिहिते. माझी हिमगौरी सफरचंद आधी म्हातारीला चावायला लावते, आणि माझी सिंड्रेला बूट मागायला स्वतःच राजवाड्यावर जाते. हे धाडस माझं नव्हे, बाईंचं.

नव्या इमारतीत म्हणे ऑफ तासाला पडद्यावर फिल्म लावतात. इमारत देखणी झाली आहे, प्रश्नच नाही. पण फिल्मला मध्येच थांबवून "असं कसं झालं?" म्हणून भांडता येत नाही, आणि आम्ही बाईंशी तासभर भांडायचो.

त्या नाटुकल्याची बाईंच्या हस्ताक्षरातली वही माझ्याकडे आहे. मागच्या पानावर सामानाची यादी: चेंडू, ताट, फेटा, बेडूक, आणि त्यापुढे, बहुधा प्रयोगानंतर, लाल शाईत "बेडूक दोन शिवणे". महोत्सवात ते पुन्हा बसवणार असाल तर झेरॉक्स खुशाल न्या. मूळ वही मी देणार नाही, समितीने गळ घालू नये.