५०२ नेमका दिला कुणी?

वेबसाइटवर दर काही हजार रिक्वेस्टमागे एखादा ५०२ येतो, म्हणजे मधल्या सर्व्हरला मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर मिळालं नाही अशी एरर. सीपीयू निवांत, मेमरी मोकळी, हेल्थ चेक हिरवा आणि ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये त्या रिक्वेस्टचा मागमूसही नाही. मग ॲप्लिकेशनवाले लोड बॅलन्सरकडे (रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या मधल्या यंत्रणेकडे) बोट दाखवतात आणि नेटवर्कवाले ॲप्लिकेशनकडे. हा वाद मीटिंगमध्ये मिटत नाही. तो लोड बॅलन्सरच्या लॉगमधल्या एका ओळीवर मिटतो. रीस्टार्ट करण्याआधी ती ओळ काढून ठेवा, कारण रीस्टार्ट झालं की उघडी कनेक्शन्स जातात आणि त्यांच्याबरोबर पुरावाही जातो.

प्रत्येक रिक्वेस्टमागे कनेक्शन दोन असतात: क्लायंट ते लोड बॅलन्सर आणि लोड बॅलन्सर ते बॅकएंड, म्हणजे मागचा ॲप्लिकेशन सर्व्हर. यातलं कुठलं तुटलं हे कळेपर्यंत एकाही टाइमआउटला हात लावू नये.

ॲमेझॉनच्या एएलबीवर (वेब रिक्वेस्टसाठीच्या लोड बॅलन्सरवर) ॲक्सेस लॉग आधी चालू करून ठेवावा लागतो, तो आपोआप मिळत नाही. त्यात दोन स्टेटस कोड शेजारी शेजारी असतात, एक एएलबीचा आणि एक टार्गेटचा, म्हणजे बॅकएंडचा. दोन्हीकडे ५०२ असेल तर तो तुमच्याच सर्व्हरने दिलाय, एएलबीने फक्त पुढे सरकवला. एएलबीकडे ५०२ आणि टार्गेटच्या जागी नुसती आडवी रेघ असेल, तर टार्गेटकडून धड उत्तर आलेलंच नाही. ४६० दिसला तर क्लायंटच वाट न बघता निघून गेला. मोबाइल ॲपमधला टाइमआउट सर्व्हरच्या वेळेपेक्षा छोटा असला की हा हमखास दिसतो.

एचएप्रॉक्सी या दुसऱ्या लोड बॅलन्सरचा लॉग याहून बोलका आहे. ओळीत चार अक्षरांचा एक गट असतो, त्यातली पहिली दोन वाचा. पहिलं अक्षर सांगतं की कुणामुळे तुटलं, दुसरं सांगतं की कुठल्या टप्प्यावर. मोठा एस म्हणजे सर्व्हरने कनेक्शन तोडलं किंवा नाकारलं, छोटा एस म्हणजे सर्व्हरची वाट बघता बघता वेळ संपली. दुसऱ्या जागी सी असेल तर कनेक्शन जोडतानाच अडलं, एच असेल तर हेडरची वाट बघताना, डी असेल तर डेटा वाहत असताना. म्हणजे मोठा एस आणि सी: बहुधा प्रोसेस मेलेली किंवा पोर्ट चुकलेला. छोटा एस आणि सी: फायरवॉल पॅकेट गिळतोय किंवा बॅकएंडची रांग भरलीय. छोटा एस आणि एच: ॲप्लिकेशन संथ आहे, क्लायंटला ५०४ (वेळेत उत्तर नाही) मिळतो. मोठा एस आणि एच: हेडर पूर्ण येण्याआधीच सर्व्हरने तोडलं, क्लायंटला ५०२. सुरुवातीला सांगितलेला अधूनमधून येणारा ५०२ बहुतेक वेळा याच शेवटच्या प्रकारातला असतो.

त्याचं मूळ कीपअलाइव्हच्या, म्हणजे रिकामं कनेक्शन पुन्हा वापरायला उघडं ठेवण्याच्या, दोन घड्याळांत आहे. एएलबीचा आयडल टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा. नोडच्या एचटीटीपी सर्व्हरचा कीपअलाइव्ह टाइमआउट बऱ्याच आवृत्त्यांत ५ सेकंद, अपाचीचा ५, गनिकॉर्नचा २. आता टीसीपीडम्पमध्ये (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणाऱ्या साधनात) बघा. शेवटच्या रिस्पॉन्सनंतर ५ सेकंदांनी बॅकएंडकडून फिन, म्हणजे कनेक्शन बंद करण्याचा संदेश, निघतो. तो वाटेत असतानाच लोड बॅलन्सर त्याच कनेक्शनवर पुढची पोस्ट रिक्वेस्ट टाकतो, कारण त्याच्या लेखी ते कनेक्शन अजून चालू आहे. रिक्वेस्ट पोचते ती बंद झालेल्या सॉकेटवर आणि कर्नल रीसेट पाठवतो. ॲप्लिकेशनपर्यंत काही आलेलंच नसतं, म्हणून तिथे लॉगही नाही. लोड बॅलन्सरने ती पोस्ट परत पाठवावी, तर पहिल्या वेळी काम झालं होतं की नाही हे त्याला माहीत नाही. एकच पेमेंट दोनदा होण्यापेक्षा ५०२ परवडला.

यामुळे एक उलटं चित्र दिसतं. भर गर्दीत कनेक्शन ५ सेकंद रिकामं पडतच नाही, त्यामुळे ५०२ कमी. ट्रॅफिक ओसरला की रिकामी कनेक्शन्स वाढतात आणि ५०२ चं प्रमाणही वाढतं. असा आलेख दिसला तर सर्व्हर वाढवण्यात पैसे घालू नका.

नियम एकच: मागच्याचं (बॅकएंडचं) घड्याळ पुढच्यापेक्षा (लोड बॅलन्सरपेक्षा) जास्त वेळ चाललं पाहिजे. एएलबी ६० वर असेल तर नोडमध्ये कीपअलाइव्ह ६५ सेकंद ठेवा आणि हेडर्स टाइमआउट त्याहून थोडा जास्त, म्हणजे ६६. हे दुसरं सेटिंग विसरलं तर नोडच्या काही जुन्या आवृत्त्यांत तोच दोष वेगळ्या वाटेने परत येतो. एनजिनएक्स या प्रॉक्सीचा (मधल्या सर्व्हरचा) क्लायंटकडचा कीपअलाइव्ह टाइमआउट मुळात ७५ सेकंद असल्याने तो मध्ये ठेवला की एएलबीचा ५०२ थांबतो, पण एनजिनएक्स आणि नोड यांच्यात अपस्ट्रीम (मागच्या सर्व्हरकडचं) कीपअलाइव्ह चालू असेल तर हीच शर्यत तिथे लागते. त्याच्या एरर लॉगमध्ये मग ‘अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन’ किंवा एरर क्रमांक १०४ (कनेक्शन रीसेट) दिसतो. उलट बाजूने एएलबीच ४ सेकंदांवर आणायचा मोह टाळा. तोच टाइमआउट उत्तराची वाट बघण्यालाही लागू आहे. वीस सेकंद घेणारा रिपोर्ट मग रोज ५०४ देईल.

एरर क्रमांक ९९, म्हणजे ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’, हे प्रकरण वेगळं. लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी मुळात ३२७६८ ते ६०९९९ हे पोर्ट असतात, म्हणजे २८,२३२. प्रॉक्सीने स्वतः कनेक्शन बंद केलं की तो पोर्ट टाइम-वेटमध्ये ६० सेकंद अडकतो. भागाकार करा: एका बॅकएंडच्या एका पोर्टकडे सेकंदाला साधारण ४७० नवी कनेक्शन्स, त्यापुढे पोर्ट संपले. पोर्टची रेंज वाढवून थोडी उसंत मिळते, पण खरा उपाय कनेक्शन पुन्हा वापरणं हाच. एनजिनएक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांत त्यासाठी नुसतं अपस्ट्रीममध्ये कीपअलाइव्ह लिहून भागत नाही. प्रॉक्सीची एचटीटीपी आवृत्ती १.१ करावी लागते आणि कनेक्शन हेडर रिकामा पाठवावा लागतो. जुन्या कॉन्फिगमध्ये या दोन ओळी फार वेळा राहून गेलेल्या असतात.

५०२ एकाच वापरकर्त्याला आणि तोही लॉगिननंतरच येत असेल तर एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये ‘अपस्ट्रीम सेंट टू बिग हेडर’ शोधा. त्याच्या सेशनची कुकी मोठी झालीय आणि एनजिनएक्सचा प्रॉक्सी बफर ४ किंवा ८ केबीचाच आहे. तो १६ केबी करा, बिझी बफरचा आकार त्याच्या हिशेबात बसवा आणि रीलोडआधी कॉन्फिग तपासून घ्या.

ॲमेझॉनच्या एनएलबीवर (टीसीपी पातळीवरच्या लोड बॅलन्सरवर) तर स्टेटस कोडच नसतो. टीसीपी कनेक्शन ३५० सेकंद शांत राहिलं की मूळ सेटिंगनुसार तो त्याची नोंद पुसतो आणि दोन्ही टोकांना काही कळवत नाही. पुढचं पॅकेट गेलं की रीसेट. डेटाबेसच्या पूलमधलं रात्रभर निपचित पडलेलं कनेक्शन सकाळच्या पहिल्या क्वेरीला तुटतं ते यामुळे. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह मदतीला येईल म्हणावं, तर तो ७२०० सेकंदांनी जागा होतो. त्याला ३०० वर आणा, आणि ॲप्लिकेशनने सॉकेटवर कीपअलाइव्ह चालू केलाय का तेही बघा. ते चालू नसेल तर कर्नलमधल्या आकड्याचा काही उपयोग नाही.