तुम्ही विचारलंत म्हणून: माणसं उडतात, तरी तो सिनेमा का आवडतो?

'हीरो'चं नाव काढलं की हा प्रश्न ठरलेला. झांग यिमोऊचा २००२ चा चायनीज सिनेमा, जेट ली, तलवारी, आणि तळ्याच्या पाण्याला पाय लावत लढणारी माणसं, मग समोरचा म्हणतोच की अगं किती खोटं वाटतं हे, तुला काय एवढं आवडतं त्यात?

आता बघा, संगीत नाटकात माणूस ऐन दुःखात पद म्हणायला लागतो तेव्हा आपण विचारतो का, असं कोण गातं म्हणून? बोलणं अपुरं पडलं की गाणं येतं हे आपल्या अंगवळणी पडलंय. चिनी तलवारबाजांच्या कथांमध्ये उडणं तसंच येतं, शरीर हलकं करायची विद्या त्या गोष्टींमध्ये आधीपासून आहेच, पडद्यावर वायर लावून दाखवतात इतकंच. शिवाय इथे आपण जे बघतो ते बरंचसं घडलेलं नाहीच, ते कोणीतरी सांगतंय. एक निनावी माणूस चिन नावाच्या राज्याच्या राजासमोर बसून सांगतो की तुमच्या जिवावर उठलेल्या तिघांना मी संपवलं, राजा शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो नाही, असं नसणार झालं, आणि स्वतःच वेगळी गोष्ट सांगायला लागतो. लाल, निळा, पांढरा, प्रत्येक हकीकतीचा रंग निराळा.

माझा सगळ्यात लाडका सीन अगदी सुरुवातीचा आहे. पाऊस, एक म्हातारा आंधळा माणूस तंतुवाद्य वाजवतोय, निनावी त्याला पैसे देऊन म्हणतो अजून वाजव. समोर भाला घेऊन त्या तिघांपैकी एक, म्हणजे डॉनी येन. दोघं डोळे मिटून नुसते उभे राहतात आणि अख्खी लढाई मनातल्या मनात होते, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, मग तार तुटते, डोळे उघडतात, आणि खरी लढाई एका झेपेत संपते!! निनावीचं काम करणारा जेट ली बीजिंगच्या वुशू (चिनी युद्धकला) टीममध्ये वाढलेला, डॉनी येननेही तिथे धडे घेतलेले, त्यामुळे त्यांचं नुसतं उभं राहणंसुद्धा बघत राहावंसं वाटतं.

पण सिनेमा खरा धरून ठेवतो तो अंतराने. राजाच्या शंभर पावलांच्या आत कोणी यायचं नाही हा नियम, पण एका शत्रूला मारलं की बक्षीस म्हणून वीस पावलांवर बसता येतं, उरलेल्या दोघांना मारलं की दहा पावलांवर. म्हणजे तो मारेकऱ्यांना मारत मारत राजाच्या जवळ सरकतोय. मधे दिव्यांची रांग आहे, त्या ज्योती हलतात आणि राजाला कळतं की समोरच्याच्या मनात खून आहे. इतक्या मोठ्या सिनेमात पुरावा काय, तर ज्योत. मी तर ते बघून थक्क झाले होते.

यामागे खरा इतिहासही आहे. इसवी सनपूर्व २२७ मध्ये जिंग के नावाचा माणूस याच राजाला मारायला गेला होता, गुंडाळलेल्या नकाशात खंजीर लपवून. सिमा च्येन या जुन्या चिनी इतिहासकाराने लिहून ठेवलंय की राजाची तलवार इतकी लांब होती की त्याला ती पटकन उपसताच येईना, खांबाभोवती पळत होता बिचारा. तरी वाचला, आणि सहा वर्षांनी सगळी राज्यं जिंकून चीनचा पहिला सम्राट झाला.

शेवट मात्र मला पटत नाही आणि ते मी कोणापासून लपवत नाही. निनावी दहा पावलांवर पोचून राजाला सोडून देतो, का तर एकच राजा झाला की लढाया थांबतील आणि माणसं मरायची थांबतील. राजा त्या तिघांपैकी एकाने लिहिलेल्या कॅलिग्राफीतून तलवारीच्या विद्येच्या तीन पायऱ्या वाचतो, शेवटची म्हणजे तलवार हातातही नाही आणि मनातही नाही, ते ऐकताना अंगावर काटा येतो, पण ज्याने पुढे पुस्तकं जाळली आणि ज्याचं साम्राज्य पंधरा वर्षंच टिकलं त्याला एवढं माफ करायचं? यावर माझं घरात भांडण झालंय, पुन्हा होईल. तरी हा सिनेमा मी सोडणार नाही, कारण मला न पटणारी गोष्ट तो इतक्या ताकदीने मांडतो की उत्तर शोधायला मला खरंच विचार करावा लागतो.

बघणार असाल तर डब केलेला नको, मूळ मँडरिनमध्ये सबटायटल्स लावून बघा, आणि फोनवर तर अजिबातच नको. चेन दाओमिंगने राजाचं काम केलंय, त्याचा आवाज हळूहळू कसा बदलत जातो ते डबिंगमध्ये पार निघून जातं.