आंबा घाट, आंब्याच्या पेट्या आणि नुसताच फिरणारा पंखा

रत्नागिरी ते कोल्हापूर साधारण 130 किलोमीटर. त्यातला साखरपा सोडल्यापासून आंबा गावापर्यंतचा चढ एवढाच गाडीची परीक्षा घेतो. जुना, 12 व्होल्टचा, रेडिएटरवर विजेचा पंखा असलेला छोटा टेम्पो हापूसच्या पेट्या भरून भर उन्हात या घाटात घालणार असाल, तर आदल्या दिवशी पंख्याला अर्धा तास द्या. गॅरेजवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. आम्हाला निघण्याआधी सांगितलं गेलं की पंख्याची मोटर गेली आहे. नवी मोटर बसली, मजुरीसकट तिचे पैसे गेले, आणि घाटाच्या मध्यावर तापमानाचा काटा तरीही लाल पट्टीत गेला. जुनी मोटर नंतर थेट बॅटरीला लावली तर ठणठणीत फिरली.

हातखंबा, पाली, नाणीज इथपर्यंत काही कळत नाही, आणि फसगत इथेच होते. ताशी 50 च्या वेगात समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. पंखा बंद असला तरी काटा मधोमध असतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वेग 15 वर येतो, इंजिनावर भार पूर्ण असतो आणि वारा जवळपास शून्य. तिथे सगळं पंख्यावर. म्हणून ‘सपाटीला गाडी गरम होत नाही’ याला घाटासाठी काडीची किंमत नाही.

आता मुख्य मुद्दा. पंखा फिरतो आहे याचा अर्थ तो काम करतो आहे असा नाही. आमचा पंखा फिरत होता. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट होते आणि मोटरच्या दोन वायरींमध्ये जेमतेम 9.6. मधले 4.2 व्होल्ट वाटेत जात होते, त्यातले 3.4 एकट्या ‘अर्थ’च्या, म्हणजे मोटरकडून बॅटरीच्या ऋण खांबाकडे परतणाऱ्या बाजूला. मोटर तेव्हा सुमारे 10 अँपिअर घेते, म्हणजे अर्थची वायर जिथे कसलेली असते त्या एका बोल्टपाशी 34 वॉटची उष्णता. त्या बोल्टाखालचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, काढला तेव्हा आतली बाजू तपकिरी गंजाने माखलेली, तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या, आणि कपलरमध्ये, म्हणजे मोटरच्या वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडात, काळ्या वायरीभोवतीचं प्लास्टिक करपून कडक झालेलं. कोकणच्या खाऱ्या हवेत जुन्या गाडीचं हे ठरलेलं दुखणं आहे.

गॅरेजमध्ये हे का सापडलं नाही? कारण तपासणी टेस्ट लॅम्पने झाली. 5 वॉटचा बल्ब 0.4 अँपिअर घेतो. तोच खराब जोड त्याला फक्त 0.14 व्होल्ट खातो, त्यामुळे दिवा लख्ख पेटतो. मग ‘करंट येतोय, म्हणजे मोटर खराब’ असा निकाल लागतो. हा निकाल चुकीचा आहे. दिव्याने फक्त वायर तुटलेली आहे का एवढं कळतं, जोड भार पेलतो का ते कळत नाही.

बरोबर तपासणी अशी. मल्टिमीटर डीसी 20 वर ठेवा, इंजिन चालू, पंखा चालू. उपरणं, बाह्या, हात पात्यांपासून लांब. कपलर काढायचा नाही. मागून, वायरीच्या कडेने टोक आत सरकवायचं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरं मोटरच्या काळ्या वायरीवर. आकडा 0.3 च्या वर गेला तर अर्थ खराब. मग एक टोक धन खांबावर, दुसरं मोटरच्या धन वायरीवर. इथे 0.5 पर्यंत चालेल. त्याहून जास्त दिसलं तर फ्यूजची बैठक, रिलेचे (पंख्याला वीज सोडणाऱ्या विजेच्या स्विचचे) पाय, कपलर या क्रमाने मागे या. खांबावर म्हणजे खांबावरच टोक लावा, क्लॅम्पवर नाही, नाहीतर सैल क्लॅम्पचा दोष निसटतो.

अर्थ खराब निघाला तर जुना बोल्ट घासत बसण्यापेक्षा 4 चौरस मिलिमीटरची नवी वायर मोटरपासून सरळ बॅटरीच्या ऋण बाजूला न्या. दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग, वर ग्रीस. करपलेला कपलर साफ करून पुन्हा वापरू नका. एकदा तापलेल्या पिनेचा ताण जातो आणि ती पुन्हा सैल होते. वायर, लग आणि कपलर मिळून जो खर्च येतो तो मोटरच्या किमतीच्या जवळपासही जात नाही.

पंखा अजिबातच फिरत नसेल तर आधी फ्यूज बघा, पण फ्यूज उडाला म्हणून मोठा टाकू नका. 20 चा असेल तर 20 चाच. पुन्हा उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी बॉडीला घासते आहे. मग दोन फ्यूजवाल्या वायरींनी मोटरला थेट बॅटरी द्या. फिरली तर मोटर निर्दोष. पाठीवर टिचकी मारल्यावरच फिरत असेल तर आतले कार्बन (ब्रश) संपलेत, मोटर बदला. तिच्यावर भरवसा ठेवून घाट चढू नका. रिलेवर 30 आणि 87 या पायांच्या बैठकींमध्ये वायर टाकली आणि पंखा सुरू झाला, तर दोष रिलेमध्ये किंवा त्याला हुकूम देणाऱ्या बाजूला. जुन्या गाडीत हा हुकूम रेडिएटरवरचा दोन पिनांचा थर्मो स्विच देतो: साधारण 90 ते 95 अंशांना जुळतो. त्याचा कपलर काढून दोन्ही टोकं जोडा, इग्निशन चालू करा. पंखा लागला तर स्विच गेला. गाडीत ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) असेल तर हा प्रयोग करू नका, तिथे सेन्सर असतो, स्विच नसतो.

मोटर नुकती बदलली असेल तर आणखी एक तपासणी न चुकता करा. वहीचा कागद रेडिएटरच्या पुढच्या बाजूला, जाळीजवळ धरा. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडाला तर धन-ऋण उलटे जोडलेत, आणि पंखा समोरच्या वाऱ्याशी भांडतो आहे.

पाणी काढून भरलं असेल तर हवा अडकते. थर्मो स्विच त्या हवेत आला की इंजिन उकळतं तरी स्विचला पत्ता नसतो. वरचा पाइप कडक गरम आणि खालचा गार, हे लक्षण दिसलं की हवा काढा किंवा थर्मोस्टॅटकडे, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेकडे बघा. हेड गॅस्केट, रेडिएटर बदला वगैरे कुणी सुचवलं तर इथपर्यंतचं सगळं झाल्याशिवाय हो म्हणू नका.

घाटात काटा चढायला लागला तर ‘वर पोचून बघू’ हा विचार सोडा. वळण टाळून, मागच्याला दिसेल अशी गाडी लावा, चाकाला दगड लावा. पंखा मेलेला असताना इंजिन चालू ठेवून थंड होत नाही, बंद करा. रेडिएटरची कॅप उघडायची घाई अजिबात नको: 0.9 बारच्या कॅपखाली पाणी 100 अंशांच्या बरंच वर जाऊनही उकळलेलं नसतं, झाकण सैल होताच ते तोंडावर येतं. पाऊण तास थांबा, तोवर पंख्याला थेट वायर ओढा. 20 अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, आणि अर्थची वायर स्वतंत्र. बिनफ्यूजची वायर ओढून देणारे रस्त्यावर भेटतात. ती तापली तर आग लागते, आणि पेट्यांमध्ये गवत भरलेलं असतं हे लक्षात ठेवा आणि नको म्हणा.

सोबत 4 चौरस मिलिमीटरची चार मीटर वायर, फ्यूज होल्डर, 20 चे चार फ्यूज, एक रिले, लग, पॉलिश पेपर, मल्टिमीटर आणि पाच लिटर पाणी हवंच. आंबा गावापुढे मलकापूर, बांबवडे, कोल्हापूर. तिथे पंख्याचं फारसं काम पडत नाही. माल मार्केटला पहाटे लागायचा असेल तर साखरपा रात्री दहानंतर सोडा. हवा गार असते, आणि जुन्या गाडीला तेवढाही आधार पुष्कळ होतो.