तुम्ही विचारलंत म्हणून: वॉर्डात वैतागायचं कुठे?

पेशंटच्या कानावर पडेल असं कामाचं गाऱ्हाणं करू नका म्हटलं, की "मग आम्ही बोलायचंच नाही का?" असं वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या सिस्टर हमखास विचारतात. बोला की! सलग नाइट करून जी वैतागत नाही, ती एक तर संत असेल नाहीतर रजेवर. फक्त जागा आणि वेळ सांभाळायची.

"आज दोघीच आहोत, मरायचं नुसतं!" तुमच्यासाठी हा सुस्कारा. चार नंबरच्या आजींना त्यातून एवढंच कळतं की बेल दाबायची नाही. मग रात्री दोनला त्या सलाइनचा स्टँड ढकलत एकट्याच संडासला निघतात, आणि फरशी ओली असते. दुखणंही अंगावर काढतात, थेट सकाळच्या राउंडला सांगतात. "तो पेशंट डोकं खातो" म्हटलंत, तर नाव न कळलेल्या प्रत्येकाला वाटतं, मलाच म्हणाल्या. आणि "हे सलाइनचे सेट गळतातच" हे ज्याच्या कानावर पडलं, तो दिवसभर हातातल्या सुईकडे बघत बसतो, घडीघडी हाक मारतो. काम कुणाचं वाढलं?

साधं बोलणं मीटरभर अंतरावर साधारण ६० डेसिबल भरतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वॉर्डातल्या रात्रीसाठी ३० डेसिबल सुचवले होते. पडद्याने नजर अडते, आवाज नाही. टाइल्सच्या भिंती तर तो परत फेकतात. एकदा करून बघा: दिवे मंद झाले की एकीने टेबलाशी नेहमीसारखं बोलायचं, दुसरीने एकेका कॉटच्या उशाशी उभं राहायचं. शब्द कुठपर्यंत स्पष्ट येतात ते कळेल. कुजबुज हा उपाय नव्हे. कुजबुजलं की लोक कान टवकारतात, आणि "रिपोर्ट… कठीण…" असे तुटक शब्द पोचतात. उरलेलं वाक्य ज्याचं तो भीतीने पूर्ण करतो. गुंगीतल्या पेशंटलाही ऐकू येतंय असंच धरून चालायचं. कॉटखाली चटईवर पडलेले नातेवाईक तर जागेच असतात.

ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरकडे पेशंट सोपवताना, कॉटपाशी फक्त पेशंटचं बोलायचं. गाऱ्हाणी नंतर, ड्युटी रूममध्ये, दार लावून. पण दारावरचा झरोका बघा, तो बऱ्याचदा वॉर्डातच उघडतो. पलीकडे गरम पाण्याची रांग असेल तर ती खोली बादच. लिफ्ट नको, आणि स्पीकरवर व्हॉइस मेसेज तर नकोच.

स्टाफ खरंच कमी असेल तर नुसतं बोलून जिरवू नका. तारीख, पाळी, पेशंट किती, ड्युटीवर किती, कोणतं काम राहिलं, एवढं इन्चार्ज सिस्टरना लिहून द्या. पेशंटपासून उशीर लपवायचाही नाही, फक्त त्याला उपयोगी पडेल असं सांगायचं: "आजी, वीस मिनिटं लागतील, तोवर उठू नका. घाई झाली तर बेल दाबा, मावशी येतील." मावशींनाही तसं सांगून ठेवा.

एवढं करूनही कुणी ऐकलंच, तर "तुम्हाला नव्हतं हो म्हटलं" एवढ्यावर सुटू नका. त्याने संशय वाढतो. कॉटजवळ जा. "ते आमचं कामाचं बोलणं होतं, असं तुमच्यासमोर बोलायला नको होतं. तुमचं इंजेक्शन दहाला आहे, मीच देणार." आणि दहाला ट्रे घेऊन तिथे उभ्या असा.